आठवं अंडं

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या हॉलमध्ये माई अंड्याने दुखणी काढत होत्या आणि रांग रस्त्यापर्यंत आली होती. अंडं दारातल्या टोपलीतूनच घ्यायचं. घरच्या अंड्याला म्हणे घरचीच नजर लागलेली असते. मग डोळे मिटून आडवं व्हायचं. माई पोटावरून अंडं फिरवणार, बशीत फोडणार आणि बलकातून दुखण्याची काळी मुळं उपसणार. चीरफाड नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी कामावर हजर!

रांगेत धाकटी उभी होती. आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, दोन वर्षांपूर्वी थोरली बहीणही त्यानेच गेली, तरी हिला सगळे धाकटीच म्हणत. आईकडून आलेला दोष हिच्याही रक्तात निघाला होता. कॅन्सर होऊ नये म्हणून गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. तिला ना भीती वाटत होती, ना रडू येत होतं. जाऊबाई चल म्हणाल्या, म्हणून ती आली.

"डॉक्टरांचं काय जातंय?" जाऊबाई म्हणाल्या. "आल्या बाईची पिशवी काढतात."

"धोका पिशवीत नाही, वहिनी. अंडाशयांत आणि नळ्यांत आहे. पिशवीचं मी ठरवायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"आणि मग कॅन्सर होणारच नाही, असं लिहून देतात?"

"नाही. धोका खूप कमी होतो, पण शून्य नाही म्हणाल्या."

"बघ. माई शंभर टक्के देतात."

थोरलीलाही दिले होते. सात अंडी फुटली, सात वेळा मुळं निघाली आणि ती दवाखान्यात पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. माईंचं उत्तर तयार होतं: आठवं अंडं चुकवलं तिनं.

धाकटीचा नंबर आला, ती आडवी झाली. "डोळे मीट, लेकरा," माई म्हणाल्या. "तुझ्या पोटात काळं झाड आहे. सुरी लावलीस तर चवताळेल."

झाड कसं चवताळतं, हे कुणी विचारलं नाही. धाकटीने डोळे मिटले नाहीत. मुद्दाम नव्हे, मिटायचं तिच्या मनातच आलं नाही.

अंडं फुटलं. काळी मुळं निघाली. बायकांना हुंदके आवरेनात.

धाकटी वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकायचं आणि टाचणीएवढं भोकही तिच्या नजरेतून सुटत नसे. तिने उठून बसत बशीतलं एक मूळ उचललं आणि सवयीने बोटांत उलटं पिळलं. पीळ सुटून तीन पदर वेगळे झाले.

"शिलाईचा दोरा आहे," ती कामावरच्याच आवाजात म्हणाली.

"शंका घेतलीस की गुण जातो," माई म्हणाल्या.

तिने टोपलीतलं दुसरं अंडं उचलून दिव्यापुढे धरलं. आत दोऱ्याचं वेटोळं स्वच्छ दिसलं. टोकाला सुईचं भोक होतं, पांढऱ्या मेणाने बुजवलेलं. तिने ते नखाने खरवडलं. मग तिसरं धरलं. तेही तसंच.

"आज हात चालत नाही," म्हणत माई आत गेल्या. बऱ्याच बायका जिना उतरल्या. दोघी मात्र टोकन धरून उभ्याच राहिल्या.

"तुला कसं गं कळलं?" खाली आल्यावर जाऊबाईंनी विचारलं.

"दिव्याला धरायचं होतं, एवढंच." धाकटी म्हणाली. "थोरलीच्या सातही वेळा मी शेजारी बसले होते, वहिनी. डोळे मिटून."

गुरुवारी तिने फॉर्म दोनदा वाचला, न समजलेलं विचारून घेतलं. अंडाशय आणि नळ्या काढा, पिशवी राहू द्या, म्हणाली. सही केली. आत नेण्याआधी तिने थोरलीच्या मुलीला फोन लावला.

"तुझंही रक्त तपासून घे. जे सांगतील त्यातलं न कळलेलं विचार, डॉक्टरांनासुद्धा. कुणी शंभर टक्के म्हणालं, तर आधी त्याची टोपली बघ. आणि कुणी सांगितलं तरी डोळे मिटू नकोस."