हिरव्या बाटलीतली सातवी वस्तू

भोरात लग्न ठरलं की आधी मुहूर्त आणि लगेच अल्लाउद्दीनचा लाऊडस्पीकर, असं चालत आलं होतं. कॅसेटवाले बोकाळले तरी त्याला बोलावणं यायचंच, आणि त्याला कारण होती एक हिरवी बाटली. नवरी मांडवात यायच्या आधी तो बाह्या सरसावायचा, बाटलीतलं पाणी मलमलीच्या फडक्यावर घ्यायचा आणि साऱ्या वऱ्हाडासमोर सनईच्या रेकॉर्डवरचे हळदीचे डाग पुसायचा. "सात वस्तूंचं औषध हाय," तो सांगायचा. "सहा सांगंन. सातवी बायकोलाबी ठावं न्हाई."

ही फुशारकी घरी पोचायची तेव्हा त्याची बायको जाहिदा पदराआड हसायची. त्या सात वस्तूंच्या काल्यानं मागं दोन चांगल्या गाण्यांचा गळा कायमचा बसला होता. तेव्हापासून ती बाटली गुपचूप मोरीत ओतायची, रिठ्याचं गाळलेलं पाणी भरायची आणि वासापुरता अत्तराचा थेंब टाकायची. नवऱ्याची ऐटही शाबूत राहिली आणि रेकॉर्डीही.

मग हिर्डोशीच्या रायबाच्या लेकीचं लग्न आलं. आदल्या दिवशी अल्लाउद्दीन जेवता जेवता म्हणाला, "उद्या औषध बदलतोय. निव्वळ स्पिरिट. डागाचा बापबी निघंल."

जाहिदाचा भाकरी थापायचा हात थांबला. बाकीच्या रेकॉर्डी प्लास्टिकच्या होत्या, पण सनईची जुनी, लाखेची. तिच्या अब्बांनी निकाहात दिलेली. अब्बा लाकडाला पॉलिश करायचे, ते लाख स्पिरिटात विरघळवूनच. अब्बा गेल्यावर त्यांचं म्हणावं असं घरात तेवढंच उरलं होतं.

"लाखेची हाय ती. विरगळंल," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं." त्यानं बाटली पेटीत ठेवून कुलूप घातलं.

सांगून ऐकेल तर तो अल्लाउद्दीन कसला. एरवी तो "चल की एकदा लग्नाला" म्हणून मागं लागायचा आणि ती "कर्ण्याच्या टेम्पोत म्या न्हाई बसायची" म्हणून उडवून लावायची. अब्बांची सनई परक्या मांडवात ऐकली तर रडू फुटेल, ही खरी भीती ती कुणाला बोलली नव्हती. त्या सकाळी मात्र ती आपणहून दोन कर्ण्यांच्या मधे जाऊन बसली. पिशवीत डब्याखाली रिठ्याच्या पाण्याची दुसरी हिरवी बाटली होती. अल्लाउद्दीननं काहीच विचारलं नाही. तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

हिर्डोशीत पोचल्यावर पेटी उघडून तो कर्णा बांधायला आंब्यावर चढला. जाहिदानं त्याची बाटली उचलली, टेम्पोमागं नेली आणि बूच काढलं. स्पिरिटचा वास नाही. तळहातावर घेऊन चोळलं, तर फेस. रिठाच होता, तोही धड न गाळलेला.

तिला आधी राग आला आणि मग हसू आवरेना. याला सगळं माहीत होतं, कधीपासून कोण जाणे, आणि स्पिरिटचं सोंग केलं ते तिला टेम्पोत बसवायला. तिनं त्याचं गढूळ पाणी ओतून दिलं आणि आपली बाटली पेटीत ठेवली.

नवरी निघाली. अल्लाउद्दीननं बाह्या सरसावल्या. "सातवी वस्तू बायकोलाबी ठावं न्हाई."

"मला ठावं हाय," बायकांच्या घोळक्यातून जाहिदा म्हणाली.

नवरीची आई सोजराबाई शेजारीच बसली होती. "मंग सांग की बाय," ती म्हणाली.

अल्लाउद्दीनचा फडक्याचा हात जागीच थांबला. जाहिदानं त्याला पुरता घाम फुटू दिला.

"आदी समद्यांम्होरं कबूल करा, दर लग्नाला मला नेणार म्हणून. मंग गप बसते."

"नेतो," तो घाईघाईनं म्हणाला आणि त्यानं रेकॉर्डवर सुई टेकवली.

सनई स्वच्छ वाजू लागली. जाहिदाला रडू यायचं ते आलंच, पण ती उठून गेली नाही. ही आपल्या लेकीसाठी रडतेय असं समजून सोजराबाईनं तिला कवटाळलं आणि तिनंही मोकळेपणी रडून घेतलं.