रागाचा भोवरा

कोर्टात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती, कारण मनकवडे डॉक्टर यायचे होते. ते आरोपीच्या मनातलं पाप बाहेर काढून दाखवतात, अशी त्यांची ख्याती. वकीलसुद्धा त्यांना अदबीने वाट देत.

आरोपी गॅरेजमधला मेकॅनिक. भांडणात शेजाऱ्याच्या डोक्यात पाना घातल्याचं त्याने कबूल केलं होतं. शिक्षा दोन वर्षं की दहा, एवढंच डॉक्टरांच्या अहवालावर ठरायचं होतं. त्याची बहीण पहिल्या बाकावर हात आवळून बसली होती.

डॉक्टरांनी एक चित्र उंच धरलं. आरोपीने काढलेलं झाड म्हणे.

"हे झाड नाही, याचं मन आहे! मुळं नाहीत, म्हणजे माया नाही. आणि खोडावरचं हे वर्तुळ? रागाचा भोवरा! हा पुन्हा मारणार."

"बाप रे!" मागून कुणीतरी म्हणालं.

मी कोर्टातली टायपिस्ट. चित्र पाहून माझी बोटं थांबली. ते वर्तुळ एका बाजूला तुटलेलं होतं, कारण माझ्या कपाच्या बुडाचा टवका उडालाय. गेल्या वर्षी याच डॉक्टरांनी अहवाल लिहिण्याआधी माझ्या टेबलावर ठेवलेल्या एका चोराच्या चित्रावर मीच चहाचा कप ठेवला होता, आणि बोलणी नकोत म्हणून गप्प बसले होते.

मी उभी राहिले. "साहेब, हा भोवरा नाही. माझ्या चहाचा डाग आहे. चोराची जुनी फाईल मागवा."

हशा पिकला. डॉक्टर गुरकावले, "बाई, तुम्ही टायपिंग करा. मन वाचायला साधना लागते!"

"झेरॉक्सला नाही लागत," मी म्हणाले.

फाईल आली. न्यायाधीशांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीकडे धरले. फांदीवर फांदी, डागावर डाग.

"तू झाड काढलं होतंस?" त्यांनी मेकॅनिकला विचारलं.

"नाही साहेब. डॉक्टरांनी नाव विचारलं अन् गेले. मला कुणी विचारलंच नाही."

न्यायाधीशांनी अहवाल बाजूला फेकला आणि दुसऱ्या डॉक्टरांकडून नव्याने तपासणीचा हुकूम दिला. बहीण हुंदके देऊन रडली.

मला मात्र किळस आली. त्या डॉक्टरची, त्याला डोक्यावर घेणाऱ्या आम्हा सगळ्यांची. मन तपासण्याचं शास्त्र आहे, पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि आपण चुकू शकतो हे ते आधी सांगतं. म्हणून कोट घातलेल्यालाही विचारा: किती वेळ भेटलात? काय विचारलंत? मूळ कागद कुठाय?

जुन्या फायलीतला अहवालही मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. त्यातही लिहिलं होतं, 'रागाचा भोवरा'. त्या चोराने जन्मात कुणाला चापट मारली नव्हती. त्याची फाईल पुन्हा उघडावी, असा अर्ज मी आजच टाईप केलाय. माझ्या कपाच्या डागापायी तो आठ वर्षांसाठी आत आहे.