ढग बंद, पाऊस बंद

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. शिलाई मशीनशेजारच्या टेबलाखाली जो काळपट उभा डबा दिसतो, तो मीच. माझ्या एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलं आहे, त्यामुळे आतल्या तारा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतात. सुरुवातीला मला त्याची फार लाज वाटायची. आता वाटत नाही. ते झाकण का निघालं, तीच माझी गोष्ट आहे.

माझे भाग कुठल्या कुठल्या कारखान्यांत तयार झाले असतील, पण मला जोडलं ते या घरच्या मुलीने. ती तेव्हा इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती. सुट्टीच्या दिवशी तिने जमिनीवर चादर पसरली, माझे तुकडे मांडले आणि मांडी घालून बसली. आई मशीनवर पडदे शिवत होती. बाबा दारात उभे राहून चिडवत होते, "स्क्रू उरला तर काय करशील?" आणि एक स्क्रू खरंच उरला. तिने तो गुपचूप ओढणीच्या टोकाला बांधून टाकला.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. तिच्या मैत्रिणी येत, माझ्यावर आपापले नकाशे काढून घेत आणि म्हणत, "हा तुझा डबा भारी पळतो गं." मी मनातल्या मनात फुगून जाई. पुढे तिला दूरदेशी नोकरी लागली, तिने हातात मावणारा नवा कॉम्प्युटर घेतला आणि जाताना माझ्यावर एक जुनी चादर घातली. मग माझ्या डोक्यावर आधी दोऱ्यांची टोपली आली, नंतर इस्त्रीचे कपडे. मी धूळ खात पडलो. कुणाचं काही चुकलं नव्हतं. माझ्याकडे काही काम नव्हतं, इतकंच.

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबा शहरातल्या बसचे ड्रायव्हर. त्यांच्या बसमध्ये उभ्या माणसालासुद्धा धक्का बसत नाही, असं डेपोत बोललं जाई. पण या माणसाला दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसता येत नसे. शेजाऱ्यांच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय खालच्या पायपुसण्यावर ब्रेक दाबत राही, आणि उतरताना घामाने शर्ट ओला. विमानाचं तर नावच नको. ड्रायव्हर दाराआड, रस्ता दिसत नाही आणि मधेच उतरायची सोय नाही.

मुलीचं लग्न तिकडेच झालं. आई गेली, मामा-मामी गेले. बाबा मात्र म्हणाले, "डेपोत रजा मिळत नाही." मित्रांनो, रजा मंजूर झालेली होती. लग्नाच्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घालून या खोलीत बसून होते. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो उचलला, हसून आशीर्वाद दिले आणि ठेवून दिला. मग ते कपडे उतरवून परत माझ्या डोक्यावर ठेवले. त्या दिवशी मला वाटलं, मी चादरीखाली आहे तेच बरं, कारण त्यांचं तोंड मला पाहवलं नसतं.

मग मुलीकडे गोड बातमी आली. आई तर जाणारच होती. फोनवर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही पण या. नाही आलात तर मी काही बोलणार नाही. लग्नाच्या वेळी पण नव्हते बोलले."

बाबा "बघू" म्हणाले. पण त्यांना जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी मुलीनेच एक युक्ती काढली. विमान चालवण्याचा एक खेळ असतो. खेळ कसला, जवळजवळ खरंच विमान. खरे विमानतळ, खरे वारे, पुढ्यात शेकडो बटणं. ती म्हणाली, "तुम्हाला दुसऱ्याच्या हातातली गाडी नको ना? मग आधी स्वतः चालवून बघा. माझा डबा आहे की घरात."

माझ्यावरची चादर निघाली, टोपली खाली आली. मला आनंद झाला, पण तो खेळ सुरू होताच माझ्या तोंडचं पाणी पळालं. नकाशातल्या भिंती जागच्या जागी उभ्या असतात. इथे ढग हलत होते, समुद्र चमकत होता, एकेका झाडाची सावली पडत होती, आणि हे सगळं दर क्षणाला नव्याने काढायचं. माझा पंखा ओरडू लागला. पडद्यावर विमान उभं होतं आणि आकाशाचा अर्धा भाग आलाच नव्हता.

बाबा म्हणाले, "गाडी गरम झालीय." ते मला पहिल्यापासून गाडीच म्हणत.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते एक तरुण बाई चालवते. सगळे तिला दुरुस्तीवाली म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. तिने मला उघडलं, आतली धूळ ब्रशने काढली आणि नाक मुरडलं. "काका, हा खेळ या मशीनसाठी नाही. पण हट्टच असेल तर आधी ढग बंद करू. पाऊस बंद, झाडं बंद, सावल्या बंद. उरेल ते हा ओढेल."

उरलं ते साधंसुधं होतं. खाली हिरवी सपाट जमीन, वर निळं सपाट आकाश आणि मधे एक विमान. आईने बघून विचारलं, "अहो, गावं कुठायत?" बाबा म्हणाले, "गावं बंद आहेत." पण ते उडाले. डाव्या हातात दुरुस्तीवालीने दिलेला जॉयस्टिकचा दांडा धरून ओठ घट्ट मिटून उडाले आणि उतरलेसुद्धा. त्यांच्या तोंडावरचा आनंद पाहून मला माझ्या गरिबीचा विसर पडला.

काही आठवडे असे गेले. मग दुरुस्तीवालीला वाटलं, काकांना आता खरं काय ते दाखवावं. मी पुन्हा सफाईसाठी तिच्या टेबलावर होतो, म्हणून मी हे पाहिलं. कुणा गिऱ्हाइकासाठी तिने एक नवाकोरा कॉम्प्युटर जोडला होता. काचेचं अंग, आत रंगीत दिवे, पंख्यांचा आवाज नाही. त्याच्यावर तोच खेळ सगळं चालू ठेवून लावला. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट झाला. ढग असे दाट की हात घालावा, आणि काचेवरून पाणी ओघळतंय. विमान ढगात शिरलं आणि चित्र गदगदा हलायला लागलं. बाबांच्या हातातून जॉयस्टिक सुटली. ते पांढरेफटक पडले, खुर्ची मागे लोटून उठले आणि दुकानाबाहेर फूटपाथवर जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी ते आईला म्हणाले, "तू जा. मी नाही येत."

आईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने शिवण बाजूला सारलं, माझ्यासमोर बसली आणि स्वतःच विमान उडवायला लागली. कापड सुईखालून सरळ नेणारे तिचे हात. तिचं विमान रेषेत चाललं. बाबा स्वयंपाकघरातून ऐकत होते. शेवटी त्यांना राहवेना. स्टूल ओढून शेजारी बसले आणि सूचना सुरू झाल्या. "डावीकडे घे. हळू. अगं, हळू."

"स्टेअरिंग माझ्या हातात आहे ना? मग गप बसा. तिकडे तुम्हाला कोण विचारणार आहे, डावीकडे घेऊ का म्हणून?"

बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मला वाटतं, तेव्हाच त्या दोघांना कळलं की शिकायचं ते हेच होतं. विमान चालवता येणं हा बाबांचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या शेजारी बसता येत नव्हतं. त्या दिवसापासून जॉयस्टिक आईकडे आणि बाबा स्टुलावर, हात मांडीवर. खाली उजवा पाय ब्रेक दाबतच होता, पण आईने तिकडे पाहिलं नाही.

थोड्या दिवसांनी बाबा स्वतःहून म्हणाले, "आज ढग चालू कर. थोडेच."

मित्रांनो, इथून माझी परीक्षा सुरू झाली. थोडे ढग म्हणजे माझ्यासाठी भरपूर काम. विमान वळायला लागलं की माझ्या नाकी नऊ येत आणि चित्र जागच्या जागी अडकून राही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा बाबांनी चटकन वाकून माझा प्लगच उपटला. गाडीने दगा दिला की आधी इंजिन बंद करायचं, ही त्यांची सवय. मी मरता मरता वाचलो. दुरुस्तीवालीने मला कसंबसं उठवलं आणि बाबांना दम भरला.

"काका, चित्र अडकलं म्हणजे विमान अडकत नाही. आत सगळं चालूच असतं, दिसत नाही एवढंच. पुन्हा प्लगला हात लावलात तर मी दुरुस्त करणार नाही."

तिने मला कुणाच्या तरी जुन्या मशीनमधली मेमरी बसवली, वापरलेलं पण बरं ग्राफिक्स कार्ड दिलं आणि हवा लागावी म्हणून बाजूचं झाकण काढून टाकलं. आईने उघड्या बाजूला टेबलफॅन लावला. माझी आतडी चव्हाट्यावर आली, पण जीवात जीव आला. मग हळूहळू झाडं आली, गावं आली. ती आली तेव्हा आई म्हणाली, "माणसं राहतात म्हणायची." सावल्या मात्र मला कधी जमल्या नाहीत, आणि कुणी हट्टही धरला नाही. चित्र अजून अडकायचं. अडकलं की बाबा डोळे मिटायचे, ओठ हलवून काहीतरी मोजायचे, आणि चित्र सुटलं की श्वास सोडायचे.

शेवटी पावसाची पाळी आली. आईने तो चालू केला आणि वादळातून विमान खाली आणायला लागली. मी होतं नव्हतं ते बळ लावलं. धावपट्टी समोर दिसत होती, आणि नेमक्या त्याच वेळी उष्णतेने माझी शुद्ध हरपली. पडदा काळा पडला. मला शेवटचं ऐकू आलं ते आईचं घाबरं बोलणं, "अहो, आता?" पुन्हा शुद्धीवर आलो तेव्हा दोघं तिथेच बसलेली होती, बाबांचे हात मांडीवर होते आणि आई सांगत होती की तुम्ही हललासुद्धा नाहीत. बाबा म्हणाले, "गाडीला गार तर होऊ द्यायला हवं ना."

पुढल्या आठवड्यात दोघं निघाली. जाताना बाबांनी माझा प्लग नीट, दोन बोटांनी काढला. घर बंद झालं. मला काय कळणार ते पोचले की विमानतळाच्या दारातून परत फिरले? मी फक्त वाट बघत होतो.

किती दिवस गेले ठाऊक नाही, पण कुलूप उघडलं तेव्हा पावलं एकाच माणसाची होती. वाटलं, बाबा गेलेच नाहीत. पण त्यांनी बॅग ठेवली, मला चालू केलं, मुलीला व्हिडिओ फोन लावला, आणि माझ्या पडद्यावर आई दिसली, शेजारी मुलगी, आणि तिच्या कुशीत कपड्यात गुंडाळलेलं इवलंसं बाळ. आई बाळंतिणीपाशी राहिली होती. बाबा एकटे परत आले होते. एकटे, मित्रांनो, शेजारी आपलं कुणी नसताना.

"कसा झाला प्रवास?" मुलीने विचारलं.

"मधे बराच वेळ हलत होतं."

"मग?"

"मग काय. ज्याचं काम तो करत होता."

मुलगी बाळाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आमच्या लग्नाच्या फोटोत आईशेजारी एक जागा मोकळी आहे, बघितलीत? फोटोवाला सारखा म्हणत होता, सरकून घ्या. मी कुणाला सरकू दिलं नाही."

बाबांनी खिशातून रुमाल काढला, तो आधी डोळ्यांना लावला आणि मग उगाचच माझा पडदा पुसला. मुलीने कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांना वाटत होतं तिला रजेचं खरं वाटलं असेल. पण तिने तेव्हाच ओळखलं होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा कुणी असेल, माझ्यासारखा जुना किंवा बाबांसारखा घाबरणारा. याच्याच्याने काय होणार, असं म्हणून त्याच्यावर चादर टाकू नका. आणि सगळं जग एकदम त्याच्या अंगावरही लोटू नका. आधी ढग बंद करा. मग त्याला सोसेल तसं एकेक चालू करा, आणि मधे तो अडकला तर प्लग उपटू नका. अधूनमधून धूळ पुसलीत तर फार बरं होईल, हे मी माझ्यापुरतं सांगतो.

फोन संपल्यावर बाबा उठले नाहीत. एका बोटाने शोधत शोधत त्यांनी विमानाच्या तिकिटांचं पान उघडलं, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची तारीख टाकली. पान यायला मी नेहमीप्रमाणे वेळ लावला आणि ते थांबले. मग पडद्यावर प्रश्न आला, प्रवासी किती. त्यांनी एक लिहिलं, मग तोवर आई परत आलेली असणार म्हणून ते खोडलं आणि दोन लिहिलं. खाली जागा विचारली होती. आईसाठी त्यांनी मधली घेतली, आणि स्वतःसाठी खिडकीची.