छान वाटतंय, सर

सहामाहीच्या आधीच नव्या बाईंना मागच्या इमारतीत पाठवण्यात आलं.

असं काही झालेलं नाही. शाळेत कुणालाही विचारा, “कोण नव्या बाई?” असंच म्हणतील आणि म्हणता म्हणता खिडकी लावून घेतील. तेव्हा ते वाक्य आपणही सोडून देऊ आणि सरळ वर्गात जाऊ. तिथे नव्या बाई अजून आहेत आणि टेबलावर डस्टर आपटतायत.

“परत. सगळ्यांनी. कसं वाटतंय शाळेत?”

“छान वाटतंय, सर!” नववीची मुलं ओरडली.

“अरे, मोर्चात आलायत का? इतक्या मोठ्यानं म्हटलं की खोटं वाटतं. परत.”

या वेळी मुलं पुटपुटली.

“आता खरं बोलताय असं वाटलं. ते तर त्याहून वाईट. मधलं म्हणा रे. शेजाऱ्याकडे पक्कड मागताना लागतो ना, तेवढा आवाज.”

नव्या बाई शाळेतल्या सगळ्यात जुन्या बाई होत्या. हायस्कूलला नवीन आलेली मुलं त्यांच्याकडे असत, म्हणून नव्या बाई. त्यांचे केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे बोलायला लागले, तरी त्या नव्याच राहिल्या. घरचे लोकही कधी कधी तसंच म्हणत.

मुलं रुळवायची त्यांची एक पद्धत होती. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एकेक काम. एकानं खिडक्या उघडायच्या, एकानं फळा पुसायचा, एकानं नळ नीट बंद केलाय का ते बघायचं. कामं संपली आणि मुलं उरली तर बाई नवी कामं काढत. एका मुलाकडे नुसतं पंख्याकडे लक्ष ठेवायचं काम होतं. “हातात काम असलं की शाळा आपली वाटते,” असं त्या म्हणत, आणि ते खरं होतं. पंखेवाला तर सुट्टीच्या दिवशीही काळजीत असे.

पण शाळा आपली वाटून भागत नव्हतं. ती वाटतेय हे उपमुख्याध्यापकांना दिसावं लागे. मुलं त्यांना थर्मामीटर म्हणत. उंच, बारीक, थंड, आणि जवळ आले की आपल्याला ताप असावा असं वाटायला लागे. त्यांच्या बुटांचा आवाज होत नसे. पहिली चाचणी झाली की ते नवीन वर्गात येत, एक विनोद सांगत आणि मग एकेकाला विचारत, कसं वाटतंय शाळेत? ज्याला उत्तर देता आलं तो रुळला. ज्याला नाही आलं त्याच्याकडे ‘विशेष लक्ष’ दिलं जाई. विशेष लक्ष मागच्या इमारतीत दिलं जाई. ‘थोडे दिवस जा, मग परत ये’ असं सांगून मुलाला तिकडे पाठवत, आणि मूल जाई. पुढचं वाक्य शाळेत कुणी कधी पूर्ण केलेलं नव्हतं. वर्गांच्या त्या बाजूच्या खिडक्यांच्या काचांना आतून रंग दिलेला होता. कुणी दिला ते माहीत नाही, पण दर वर्षी हात नवा असे.

बाई जीव तोडून मुलांना इकडे ठेवत. तरी दर साली एखादं निसटतच असे. यंदा निसटेल असं एकच मूल होतं, आणि तिच्याकडे खडूचं काम होतं.

तिला सगळे धाकटी म्हणत, कारण तिची थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी मागच्या इमारतीत गेली होती. धाकटी खडू वेळेवर आणी, तुकडे वेगळे ठेवी, फळा रिकामा दिसला की बाईंच्या हातात खडू देई. फक्त बोलत नसे. वर्गात एक अक्षर नाही.

आई शाळेचे गणवेश शिवायची. चाचणी संपली त्या दिवशी ती बाईंना फाटकाशी गाठून उभी राहिली. खांद्यावर मापाची टेप तशीच होती.

“थोरलीचा गणवेश दर वर्षी उसवून मोठा करते, बाई. वर्ग तोच.”

“तिच्याकडे विशेष लक्ष…”

“हो, दिलं ना. दोन वर्षं दिलं. तिकडे गेल्यापासून घरात बोलत नाही. येते, भिंतीकडे तोंड करून पडते. आणि आधी काय गायची हो ती! शेजारीपाजारी कंटाळायचे.” आई हसली, मग हसणं तिला सापडेना. “हिला तरी इकडेच ठेवा. बाकी मला काही नको.”

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाईंनी धाकटीला थांबवलं.

“उद्या थर्मामीटर येणार. तीन शब्द आहेत गं. पोपटाला शिकवले असते तर एव्हाना त्यानं भाषण दिलं असतं.”

“मला येतं बोलायला,” धाकटी म्हणाली. मधल्या आवाजात. अगदी बरोबर मधल्या.

बाई खालीच बसल्या. “मग बोलत का नाहीस, बये?”

“बोलले तर इकडेच ठेवतील.”

“ठेवतील म्हणूनच तर माझा घसा बसलाय!”

“ताई तिकडे एकटी आहे. घरी सांगत नाही काही. काय करतात तिला तिकडे?” धाकटीनं हातातला खडू डबीत ठेवला. “तुम्ही गेला असाल ना कधी?”

“कामं असतात गं,” बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो मुलांना त्या इमारतीची भीती घातली होती. कधी जाऊन बघावं असं मात्र सुचलं नव्हतं.

त्या तशाच उठल्या आणि गेल्या.

वाट गवतातून होती, पण पायांनी नीट मळलेली. दाराला कुलूप नव्हतं. कुलूप असतं तर बरं वाटलं असतं, असं बाईंना वाटलं. आत एक लांब वर्ग होता आणि बाकांवर कुणीच बोलत नव्हतं. शाळा कधीच सुटली होती. मुख्य इमारतीची घंटा इथवर पोचत नसावी, कारण ही मुलं अजून बसलेली होती. फळ्यापाशी थोरली उभी होती आणि भागाकार शिकवत होती. तिचा घसा पार गेला होता.

“शिक्षक कुठे आहेत?” बाईंनी विचारलं.

“येणार आहेत.”

“कधी?”

“मी आले तेव्हाही येणार होते.” थोरलीनं फळा पुसायला एका मुलाला हाक मारली. तो लगेच उठला. “कुणीतरी शिकवायला हवं ना, बाई. नवीन येतात ते फार रडतात. मग मी एकेकाला काम देते. तुमचंच.”

मागच्या बाकावरून कुणीतरी उठायचा प्रयत्न करत होतं. गुडघे बाकाखालून निघत नव्हते. शेवटी एक मिशीवाला गृहस्थ बाहेर आला. मिशी मधेमधे पांढरी होती.

“बाई, ओळखलंत? तुमच्या पहिल्या वर्षीचा. तो, अडखळायचा तो.”

बाईंनी ओळखलं. “तू अजून इथे काय करतोस?”

“थोडे दिवस जा, मग परत ये, असं म्हणाला होतात. निरोप आला नाही.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो आता अजिबात अडखळत नव्हता. “माझंही चालू आहे, बाई. लग्न झालं. सकाळी पोराला शाळेत सोडतो आणि इकडे येतो. संध्याकाळी दुकान. बायको म्हणते, एकदा विचारून तर बघा. पण कुणाला विचारणार? रुळल्याचा दाखला देणारे साहेब निवृत्त झाले म्हणतात.”

“अरे, सरळ निघून जायचं!”

तो दचकला. सगळा वर्ग दचकला. “न विचारता?” तो म्हणाला. मग जरा जवळ आला. “बाई, माझा मुलगा पुढच्या वर्षी नववीत येतोय. जरा लाजतो. त्याच्याकडे बघाल ना?”

परत निघताना थोरली दारापर्यंत आली.

“धाकटीला सांगा, इकडे यायचं नाही. दिवसभर बोलून मला आवाजच उरत नाही, म्हणून घरी गप्प असते. मला घरी कुणीतरी बोलणारं पाहिजे. तीही इथे आली तर घरी दोघी भिंतीकडे तोंड करून पडू. आईला एकच भिंत आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाबाहेरच बाईंनी धाकटीला निरोप जसाच्या तसा सांगितला. धाकटीनं ऐकला आणि ती खडू आणायला गेली.

थर्मामीटर केव्हा आत आले ते कुणालाच कळलं नाही. ते नव्हते, आणि मग होते. त्यांनी आपला विनोद सांगितला. त्यात एक विद्यार्थी असतो, एक शिक्षक असतो आणि शेवटी कुणीच नसतं. मुलं शिकवल्याप्रमाणे हसली.

मग ते बाकांमधून फिरू लागले. कसं वाटतंय शाळेत? छान वाटतंय, सर. खिडकीवाला सुटला. नळवाला सुटला. पंखेवाल्यानं वर बघत उत्तर दिलं, पण दिलं. धाकटीपाशी ते थांबले.

“कसं वाटतंय शाळेत?”

धाकटी उभी राहिली. तिनं रंग दिलेल्या काचेकडे पाहिलं. वर्गात इतकी शांतता झाली की पंखेवाल्याला पंखा बंद पडल्यासारखं वाटलं.

“छान वाटतंय, सर,” धाकटी म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलं नाही.

“वा,” थर्मामीटर म्हणाले. ते अश्रूंकडे बघत नसत, तो त्यांचा विषय नव्हता. “सगळेच रुळले की! यंदा एकही नाही. कमाल आहे, बाई.” ते दाराशी गेले आणि जाता जाता सहज, निव्वळ शिष्टाचार म्हणून वळले. “आणि तुम्हाला, बाई? कसं वाटतंय शाळेत?”

बाईंनी तोंड उघडलं.

तीन शब्द होते. ते त्यांनी इतक्या मुलांना शिकवले होते की झोपेतही आले असते. पण तोंडात काहीच आलं नाही. मुलं ओठ हलवून दाखवायला लागली. पंखेवाल्यानं पहिल्यांदाच पंखा सोडून बाईंकडे पाहिलं.

“मधल्या आवाजात, बाई,” धाकटी कुजबुजली. “बाई, म्हणा ना. प्लीज.”

थर्मामीटर वाट बघत होते. त्यांना घाई नव्हती. त्यांना कधीच नसे. बाईंनी एकदा मुलांकडे पाहिलं, प्रत्येकाकडे, कुणाच्या हातात कोणतं काम आहे ते बघत असल्यासारखं. मग त्यांनी डस्टर टेबलावर ठेवला, अजिबात न आपटता, आणि तोंड मिटून घेतलं.

“काळजी करू नका,” थर्मामीटर मऊ आवाजात म्हणाले. “विशेष लक्ष देऊ. थोडे दिवस जा.”

त्या दिवसापासून थोरलीचा आवाज जरा जरा परत येतोय, असं आई म्हणते. एका संध्याकाळी ती दोन ओळी गायली आणि शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या.

मागच्या इमारतीतून मुख्य कार्यालयात आजवर एकच अर्ज आला. तो असा:

‘मा. उपमुख्याध्यापक यांस, सविनय सादर. मागील इमारतीतील सर्व विद्यार्थी, वय विचारात न घेता, तसेच अर्जदार स्वतः, यांना यंदाचे नवीन विद्यार्थी म्हणून पुन्हा प्रवेश द्यावा व सोमवारी त्यांचा शाळेतील पहिला दिवस धरावा. त्यांपैकी एका विद्यार्थ्यास स्वतःच्या मुलास शाळेत सोडून यावे लागते, तरी त्यास सकाळी थोडे उशिरा येण्याची सवलत मिळावी, ही नम्र विनंती.’