बटणचं पथ्य

आमच्या घरात कुत्रा आला तो माझ्या मर्जीविरुद्ध, हे आधीच सांगून टाकते. लेकीच्या मैत्रिणीकडची कुत्री व्याली, पिल्लं वाटायला निघाली, आणि आमची लेक एक उचलून घरी घेऊन आली. म्हणाली, आबांना सोबत होईल. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते मागच्या खोलीत खिडकीशी बसून असत. त्यांच्या नावावर कुणी काही मागितलं की मला नाही म्हणवत नाही, हे लेकीला पक्कं ठाऊक. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तुझं काय म्हणणं आहे? हा माणूस लग्नापासून हेच म्हणत आलाय.

मी शिवणकाम करते. नवीन कपडे कमी, दुरुस्तीच जास्त. कंबर आत घ्या, बाही सोडा, चेन बदला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पिल्लानं आल्या आल्या दुकानात शिरून माझ्या डब्यातलं कोटाचं बटण गिळलं आणि दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं परत केलं. तेव्हापासून त्याचं नाव बटण. पोटाचं रडगाणं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सुरू झालं, आणि एकदा सुरू झालं ते थांबायचं नाव घेईना. सकाळी दार उघडावं तर पायपुसण्याची वाट लागलेली. आज बरा वाटला म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, तर उद्या पुन्हा पातळ. सगळ्या घराला फिनेलचा वास. त्यात खेळायला मात्र एक नंबर, आजारी आहे म्हणून जरा शांत बसेल तर शपथ.

मग एक दिवस त्यानं कहर केला. एका गिऱ्हाईकाचा पांढरा कोट टाचण्या लावून खुर्चीवर ठेवला होता, त्याच्या खालीच यांचा कार्यक्रम उरकला आणि कोटाची कड भरली. तो कोट मी हातानं तीनदा धुतला आणि संध्याकाळी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. महिनाभर बघीन. पोट सुधारलं तर ठीक, नाहीतर हा ज्या घरातून आला त्या घरी परत. लेक रडली. नवऱ्यानं भाकरीत तोंड घातलं. आबा पाणी घ्यायला आत आले होते. बटणच्या कानावरून फिरणारा त्यांचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शांत बाई. मी एवढी तावातावानं सांगत होते, तर त्या आपल्या त्याचं पोट हलक्या हातानं चाचपत होत्या. जंत नव्हते, ताप नव्हता. म्हणाल्या, खाणंच बदलून बघू. मांस आणि भात, दोन्ही नुसतं पाण्यात उकडलेलं. मीठ नाही, लोणी नाही, दूध तर थेंबभर नाही. एका वेळी थोडं, पण दिवसातून बरेचदा. जुलाब थांबून पोट बसलं की मग नवीन कोरडं खाणं रोज चमचा चमचा वाढवत त्यात मिसळायचं, आणि भात तितकाच कमी करायचा. घाई केली तर पहिले पाढे पंचावन्न. शेवटी त्या म्हणाल्या, घरात सगळ्यांना सांगा, वरून एक बिस्किटसुद्धा द्यायचं नाही.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी खायला घालते. म्हणजे तेवढंच मला मनापासून जमतं. गोड बोलणं माझ्या तोंडात बसत नाही, जवळ घेणं वगैरे तर मला लाजच वाटते. पण ताट वाढताना माझा हात आखडत नाही. आणि माझ्या घरात ताट रिकामं करूनच उठायचं. नवरा असो, लेक असो, पाहुणा असो. कुणी अन्न ठेवून उठलं की मला तोंडावर बोलल्यासारखं लागतं आणि मग मी दिवसभर भांडी आपटते. त्यामुळे त्या कुत्र्यासमोर असलं बेचव काहीतरी ठेवताना माझाच जीव वर-खाली होत होता. पण ठेवलं. तोही मिटक्या मारत खाऊ लागला.

ताट रिकामं करण्यात घरात आबा एक नंबर. गुडघ्यांमुळे ते मागच्या खोलीतच जेवत. सासूबाई गेल्यावर ते खंगले होते, म्हणून मी त्यांचं वेगळं करत असे. दुधात शिजवलेले ओट्स, वर साय. मऊ भातावर लोण्याचा गोळा. शिजवलेलं अंडं कुस्करून. सगळं अंगी लागणारं. आणि त्यांचं ताट परत येई ते इतकं चकचकीत, की धुवायचं काय असा प्रश्न पडावा. मी ते ताट नवऱ्याला आणि लेकीला दाखवत असे. बघा म्हणायची, शिका काहीतरी.

पथ्याचे पहिले काही दिवस छान गेले. बटणचं पोट बसलं. मी खूश, लेक त्याहून खूश, आबांनी तर त्याला उचलून मांडीवर घेतलं. आणि मग एका सकाळी पुन्हा तेच. मी भाताचं पाणी वाढवलं, मांस कमी केलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उपयोग शून्य. महिना संपत आला होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभा केला आणि आकडा बघून भुवया वर केल्या. म्हणाल्या, पोट बिघडलेलं कुत्रं वाळतं. हा तर भरतोय. तुम्ही देता त्यावर एवढं वजन चढत नाही, याला कुणीतरी दुधालोण्याचं खायला घालतंय, आणि चांगलं वाडगाभर घालतंय.

घरी येऊन मी कोर्ट भरवलं. लेकीनं माझ्या गळ्याची शपथ घेतली. नवऱ्यानं एका बिस्किटाची कबुली दिली, तेही पथ्य सुरू होण्याआधीचं. शेजारणीचाही संशय घेऊन झाला. आबांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ताट पुसून जेवणारा माणूस कुत्र्याला देणार काय? शेवटी मी लेकीला सांगितलं, तुझ्या मैत्रिणीच्या आईला फोन कर, रविवारी आणून सोडते म्हणावं.

शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बटणचा छातीचा पट्टा मीच शिवला होता जाड नवारीच्या पट्टीचा, तो त्याला काचायला लागला होता. त्याला परत पाठवायचं तरी काचत्या पट्ट्यात नको, म्हणून मी तो उसवायला घेतला. पट्टा चांगला चार बोटं सैल करावा लागला. मग गठ्ठ्यातलं पुढचं काम उचललं. आबांची पँट. कंबर आत घ्यायला त्यांनी ती गठ्ठ्यावर मुकाट ठेवून दिली होती. माझ्याशी बोलायचं काम असलं की आबा असंच करतात, वस्तू ठेवून जातात. मी नेहमीसारखी करवादले, पँट उलटी केली आणि थांबले.

आत मागच्या शिवणीला माझीच टीप होती, तपकिरी दोऱ्याची. तिच्या आत आणखी एक, काळ्या दोऱ्याची. म्हणजे ही कंबर मी याआधी दोनदा आत घेतली होती. दोन्ही वेळा हातात दुसरं काम असताना, मशीनवर जो दोरा होता त्यानंच. परक्या बाईनं कंबर दोनदा आत घ्यायला आणली असती तर मी विचारलं असतं, काय हो, तब्येत बरी आहे ना? गिऱ्हाईकाच्या अंगावर किलोभर चढलं-उतरलं तर मला टेप न लावता कळतं. घरातल्या माणसाला मी दोनदा टीप मारली आणि पँट फेकून दिली गठ्ठ्यावर.

टेबलावर एकीकडे सैल केलेला पट्टा होता आणि एकीकडे ती पँट. मी उठले आणि आबांचे ओट्स शिजवायला ठेवले.

रोज मी वाडगा त्यांच्या हातात देऊन दुकानात परत येते. त्या दिवशी चपला काढून खोलीबाहेरच्या बोळातच उभी राहिले. दार लोटलेलं होतं, पूर्ण लागलेलं नव्हतं. आबांनी एक चमचा तोंडात घातला. तो घास ते चघळतच राहिले, चघळतच राहिले, ओट्सना काय चघळायचंय एवढं. डोळे मिटून कसाबसा गिळला. मग वाडगा खाली जमिनीवर ठेवला. बटण तयारच होता, शेपूट हलवत बसलेला. आबा वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवत हळूच म्हणाले,

"आटप बाबा लवकर. ती येईल."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी दुकानात परत गेले, मशीनशी बसले आणि रडले. मला कुत्र्याचा राग आला नाही, आबांचाही नाही. माझाच आला. एक म्हातारा माणूस माझ्या घरात उरलेलं अन्न लपवत होता, आणि ते चकचकीत ताट मी घरभर मिरवत होते.

डोळे पुसून मी आत गेले तेव्हा वाडगा परत त्यांच्या मांडीवर होता, लख्ख. मी तो उचलला नाही. समोर खाटेवर बसले. माझ्या बसण्यानंच आबांना काय ते समजलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले की बटणला पचत नाही हे त्यांना दिसत होतं. पथ्य सुरू झालं तेव्हा त्यांनी चार दिवस सगळं स्वतः खाऊन पाहिलं, कुत्रा राहावा म्हणून. पाचव्या दिवशी उलटून पडलं. तेही त्यांनी स्वतःच पुसलं होतं. मी त्यांना पुसताना पाहिलं होतं, पण मला वाटलं होतं बटणनं केलं.

मी विचारलं, "आबा, मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तोंडात घास फिरतो. तुझी सासू समोर बसायची तेव्हा जायचा." त्यांनी वाडगा मांडीवरच फिरवला. "तू एवढं करतेस. ते टाकायचं कसं?"

मी विचारलं की किती जातं पोटात, खरं सांगा. ते म्हणाले, दोन चमचे. मी म्हटलं, मग दोन चमचे.

शनिवारी आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. मोठं काही निघालं नाही. अशक्तपणा होता, आणि गाल बसल्यामुळे कवळी ढिली होऊन हिरड्यांना टोचत होती. हे सगळं जड खाणं बंद करा, डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं द्या आणि हळूहळू वाढवा. मला हसूच फुटलं. डॉक्टरांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय. रविवारी कुणी कुठे गेलं नाही. फोन करून लेकीनंच सांगून टाकलं.

मग आमच्या घरात दोन पथ्यं सुरू झाली. आबांसाठी मी लोणच्याची छोटी वाटी काढली. त्यात दोन चमचे, पातळ, साय नाही, लोणी नाही. मागच्या खोलीतलं जेवण बंद. नवऱ्यानं खुर्चीला उशी बांधून ती टेबलाशी लावली. त्याला काय सुचलं कोण जाणे, या वेळी त्यानं माझं म्हणणं विचारलं नाही. आबांच्या समोर मी बसू लागले. सासूबाईंची जागा मला घेता येणार नाही हे मला कळतं, मी फक्त दुकान बंद करून तिथे बसत असे. पहिल्या दिवशी बोलायला काही सुचेना, म्हणून गिऱ्हाइकांच्या चुगल्या सांगितल्या. कुणाची कंबर वाढली, कुणी ती कबूल करत नाही. आबा हसले, आणि हसता हसता तिसरा चमचा गेला. बटणला त्याच वेळी त्याच्या भांड्यात त्याचा भात. त्याला दुधाचा थेंब नाही आणि आबांच्या हातचं काही नाही. पहिले काही दिवस तो आबांच्या पायाशी आशेनं बसून राही. आबा त्याला समजावत, गड्या, आपलं ठरलंय ना.

त्याचं पोट बसलं ते बसलंच. भातात कोरडं खाणं चमचा चमचा वाढवत नेलं, आणि एक दिवस भात संपून नुसतं कोरडंच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोण खायला घालत होतं ते सापडलं का? मी म्हटलं, सापडलं. आबांची वाटी मात्र सरळ वाढत गेली नाही. कधी चार चमचे, कधी पुन्हा दोन. मी ओठ दातांखाली धरून बसत असे. माझ्यासारखीला हे किती जड जातं ते मलाच माहीत.

परवा दुपारी मी त्यांना पहिल्यांदा मोठ्या वाटीत वाढलं. बोलत बोलत त्यांनी निम्म्याहून जास्त खाल्लं आणि चमचा थांबला. बटणचं भांडं कधीच रिकामं झालं होतं, तो टेबलाखाली येऊन बसला. आबांचा हात सवयीनं वाटीकडे गेला. मी बघत होते. त्यांनी हात मागे घेतला, वाटी टेबलाच्या मधोमध माझ्याकडे सरकवली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले,

"थोडं राहिलं."

"राहू दे," मी म्हटलं.

ते टेबलाला धरून उठले आणि बटणला घेऊन खिडकीशी गेले. मी ती वाटी उचलून स्वयंपाकघरात नेली. तळाशी ओट्स होते, चमच्याच्या रेघा तशाच होत्या. ती धुवायला मला बराच वेळ लागला.