चुकलेल्या उताराचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. परदेशातल्या एका डोंगराचा, जिथे लोक बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळायला जातात. मी तो डोंगर कधी पाहिलेला नाही. मी जिथे राहतो त्या घरात बर्फ फक्त फ्रीजमध्ये असतो.

एकोणीसशे शहाण्णव साली कोथरूडमधल्या एका लहानशा कंपनीत मी जन्मलो. प्लॉटर नावाच्या यंत्राने निळे पेन धरून माझ्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या. कोणी मला कांद्याची चकती म्हणाले, कोणी अंगठ्याचा ठसा. मी नेमका कोण, हे मलाच कळेना.

त्या रेषा संगणकात भरल्या होत्या राजनंदिनीने. यवतमाळहून आलेली ती मुलगी नोकरीत नवीनच होती. मला टेबलावर पसरून ती एकदम थबकली. जिथे रेषांची दाटी, तिथे चढ उभा असतो. आणि नेमके तिथेच 'नवशिक्यांसाठी' असे लिहिलेले होते. तिने परदेशी गिऱ्हाइकाकडून आलेला मूळ कागद काढून पाहिला. त्यातही तसेच होते.

तिने साहेबांना, श्रीनिवासरावांना दाखवले.

"आपण बर्फ पाहिलाय का कधी?" त्यांनी विचारले. "आलंय तसं काढायचं. गिऱ्हाइकाने नकाशा मागवलाय, शंका नव्हे."

"बर्फ नाही पाहिला, सर. पण टेकड्या चढले आहे. इथून पहिल्यांदा उतरणारं पोर थेट दरीत जाईल."

साहेबांनी चष्मा लावून माझ्या दाट रेषा पाहिल्या. मग म्हणाले, त्यांना फॅक्स पाठवा. पण गिऱ्हाईक चिडले आणि काम गेले, तर तुमची नोकरीही गेली समजा.

चार दिवस उत्तर नाही. ती रोज येऊन माझ्या रेषांवरून बोट फिरवी. चूक माझी, की तिची? मी पुरता गोंधळलो होतो.

पाचव्या दिवशी फॅक्स आला. दोन उतारांच्या नावांची त्यांच्याकडेच अदलाबदल झाली होती. याच नकाशावरून ते डोंगरावर पाट्या लावणार होते.

प्लॉटरने नवा नकाशा काढला. तो परदेशी गेला. मला वाटले, आता मी रद्दीत जाणार. पण साहेबांनी मला चौकटीत बसवून राजनंदिनीच्या हाती दिले. "ओल नसेल त्या भिंतीला लावा," एवढेच म्हणाले.

बरोबर नकाशा गेला आणि चुकलेला भिंतीवर आला, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पाहुणे विचारतात, हे काय आहे? राजनंदिनी सांगते, "माझी पहिली शंका."

मित्रांनो, तुम्हाला शंका आली तर ती गिळू नका. आणि माझ्या काचेवरची धूळ अधूनमधून पुसत जा. नावे पुसट झाली तरी चालतील, रेषा दिसल्या पाहिजेत.