आजीचे विरजण आणि काचेचा तरकाटा

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही काचेचे आहात. उंची वीतभर, पोटात शिशाचे बारीक गोळे, मानेत आकड्यांची कागदी पट्टी. गोड, दाट रसात तुम्ही उंच तरंगता. गोडी कमी झाली की खाली जाता. झाली कल्पना? असा मी एक जुना तरकाटा आहे. डेअरीत दुधात बुडवतात, त्या नळीचा चुलतभाऊ.

दूर उत्तरेकडच्या बर्गेन शहरातल्या एका कारागिराने मला ज्योतीवर फुंकून घडवले. पट्टीच्या टोकाशी त्याने बारीक अक्षरांत लिहिले : ‘मोजताना रस वीस अंश तापमानावर असावा.’ पुढे कोणीतरी मला वॉस गावातल्या एका शेतघरात लग्नाची भेट म्हणून दिले. तिथली बोर्गहिल आजी नाताळाआधी मोड आलेल्या जवाची बिअर करी. पण ती जिभेवर थेंब ठेवून सारे ओळखी. मी तीस वर्षे खणात पडून राहिलो.

आजी गेली. तिच्या नवऱ्याला, शुर आजोबांना, तिची जीभ कुठून येणार? त्यांनी मला बाहेर काढले, मायेने पुसले आणि जवाच्या वाफाळत्या गोड रसात सोडले. मी साठ दाखवले. मग रस कोमट झाल्यावर त्यांनी आजीचे विरजण त्यात घातले. ते विरजण म्हणजे वाळलेले यीस्ट खाचांत जपणारे लाकडाचे एक कडे. दर वर्षी ते बिअरच्या फेसात बुडवायचे, वाळवायचे आणि पुढच्या वर्षासाठी खुंटीला टांगायचे. तिच्या सासूच्या सासूपासून हे असेच चालले होते. आजोबांनी रसात कडे खळखळून धुतले, रिवाजाप्रमाणे आरोळी ठोकली आणि कडे परत खुंटीला लावले.

दोन दिवसांनी त्यांनी मला पुन्हा सोडले. बत्तीस. परत पाहिले, अठ्ठावीस. मग चौतीस! विरजणाने गोडी खाल्ली असती, तर मी विशीच्या खाली जायला हवा होतो.

“परवा आरोळी कसली दिलीस रे, मांजर केकाटल्यासारखी!” दारातून शेजारच्या हाल्डिसबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “शुर, बोर्गहिलबरोबर तिचं विरजणही गेलं बघ. माझ्याकडचं ने वाटीभर.”

आजोबांनी खुंटीवरचे कडे काढले आणि ते आगीत टाकायला चुलीचे दार उघडले.

“आजोबा, थांबा ना!” नऊ वर्षांची नात इंगुन ओरडली. ती गुडघ्यांवर बसून, डोळा अगदी माझ्या पातळीला आणून पाहत होती. “याच्या अंगाला बुडबुडे चिकटलेत. तेच त्याला वर उचलतायत!”

“बुडबुडे? एवढ्याशा बुडबुड्यांनी?” आजोबा म्हणाले.

इंगुनने नमुन्याचा रस या मगातून त्या मगात ओतला. फेस बसेपर्यंत ओतत राहिली. मला पुसले, गिरकी देऊन सोडले. मी सावकाश खाली गेलो आणि अठरावर थांबलो.

“पण सुरुवातीला साठच होते,” आजोबा पुटपुटले. “एवढी मिळमिळीत तिची बिअर कधी नसायची.”

इंगुनने माझ्या पट्टीवरचे बारीक अक्षर वाचले. “तेव्हा रस वाफाळत होता ना! गरम रस पातळ होतो, हा जास्त बुडतो.” ती कोठीत पळाली. परवाचा, विरजण घालण्याआधीचा, तिच्या वाट्याचा गोड रस तिने पुरवून पुरवून प्यायला ठेवला होता. तो तिने चुलीजवळ ठेवून वीस अंशांवर आणला आणि माझ्यासाठी ओतला.

अठ्ठ्याहत्तर!

“म्हणजे अठ्ठ्याहत्तरवरून अठरा! काम तर नेकीनं केलंय की विरजणानं,” हाल्डिसबाई म्हणाल्या. “वाटी राहू दे मग.” आजोबांनी चुलीचे दार लावले.

मित्रांनो, मी खोटे बोललो नव्हतो. आम्हा मुक्या वस्तूंवर रागावण्याआधी आम्हाला पुसा, थोडे थांबा, वाकून पाहा. एवढेच मागणे आहे.

इंगुनने आजोबांच्या हातातून कडे घेतले. पिंपातल्या पिवळ्या फेसात ते खाचाखाचांतून भिजेपर्यंत फिरवले, खुंटीला टांगले आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत खाली तळहात धरून उभी राहिली.